चोवीस विद्यार्थी, एक खाट: नवीन कॉलेजात वॉर्डातलं शिक्षण कसं बसवावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. किनारपट्टीवरचं नवीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा रुग्णालयालाच जोडलेलं. दर वर्षी १०० प्रवेश. मेडिसिनच्या पोस्टिंगला (वॉर्डातल्या शिकण्याच्या पाळीला) सकाळी ९ ते १२ या वेळात २४ जणांची बॅच येते. शिकवायला एक सहायक प्राध्यापक आणि एक सीनियर रेसिडेंट (वरिष्ठ निवासी डॉक्टर). सगळे एकाच खाटेभोवती उभे राहतात. पुढच्या पाच-सहा जणांना ऐकू येतं, मागचे खिडकीतून बाहेर बघतात आणि अर्ध्या तासात पेशंट बिचारा कंटाळून कूस बदलतो. स्किल लॅबचे, म्हणजे पेशंटऐवजी ज्यांच्यावर हात बसवायचा ते, पुतळे आलेत, पण बहुतेक कपाटातच असतात. लॉगबुकं (रोज काय शिकलं, केलं याच्या नोंदवह्या) अंतर्गत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत भरली जातात.

वेगळा निधी मिळायची शक्यता नाही. आहे त्या माणसांत आणि आहे त्या वेळेत काय बदलता येईल? तीन गोष्टी विचारायच्या आहेत: बॅच कशी फोडावी, आपल्या दमट हवेत स्किल लॅब कशी चालती ठेवावी, आणि इथले आजार मुलांच्या हाताखालून नक्की जातील अशी आखणी कशी करावी.

सुरंगी

सुरुवात बॅच फोडण्यापासून करा, बाकीचं त्यानंतर. चोवीस जणांना एका खाटेशी कोणीच शिकवू शकत नाही, कितीही हाडाचा शिक्षक असला तरी.

सहा-सहाचे चार गट करा आणि वॉर्डात चार जागा ठरवा. ९ वाजता सगळ्यांना एकत्र घेऊन दहा मिनिटांत आजचे पेशंट आणि आजचं एक उद्दिष्ट सांगा. मग प्रत्येक जागी ३५ मिनिटं आणि जागा बदलायला पाच. चार फेऱ्यांची १४० मिनिटं, तीन बदलांची १५, सुरुवातीची १०. शेवटची १५ मिनिटं लॉगबुक आणि शंकांसाठी उरतात. बरोबर बारा वाजतात.

पहिली जागा शिक्षकासोबत खाटेशी. दुसऱ्या जागी विद्यार्थी जोडीजोडीने पेशंटचा पूर्वेतिहास घेतात, तिथे शिक्षक नसतो. तिसऱ्या जागी कौशल्याचं टेबल: रक्तदाब, ईसीजी लावणं, नेब्युलायझर, इन्सुलिनची मात्रा सिरिंजमध्ये भरणं. इथे इंटर्न किंवा अनुभवी सिस्टर हवी. वॉर्डातल्या सिस्टरना यात मान देऊन सामील करून घ्या, इंजेक्शनची शिस्त त्यांच्याइतकी चांगली कोणी शिकवत नाही. चौथ्या जागी एक्स-रे, ईसीजी, लॅबचे कागद आणि केस लिहिणं. सीनियर रेसिडेंट दुसऱ्या आणि चौथ्या जागेत ये-जा करतो. म्हणजे तुमच्याकडे आहेत तेवढीच माणसं पुरतात.

पेशंट आदल्या संध्याकाळी ठरवा, सकाळी शोधाशोध नको. एका पेशंटकडे एका सकाळी दोनपेक्षा जास्त गट जाता कामा नयेत. पहिल्या जागेला चार गटांसाठी दोन पेशंट लागतात. दुसऱ्या जागेला प्रत्येक फेरीत तीन जोड्या, म्हणजे बारा भेटी, म्हणजे सहा पेशंट. एकूण आठ. वॉर्ड रिकामा असेल तर जोड्यांऐवजी तिघा-तिघांचे गट करा, मग दुसऱ्या जागेला चार पेशंट पुरतात. धाप लागलेला, तीव्र वेदनेत असलेला, रात्रभर जागा असलेला पेशंट यादीत घेऊ नका. संमती आदल्या दिवशी घ्या आणि "नको म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही" हे वाक्य स्पष्ट बोला. सरकारी रुग्णालयातल्या पेशंटला नाही म्हणायचा हक्क आहे हे विद्यार्थ्याला दिसणं हाही शिक्षणाचाच भाग आहे. स्त्री रुग्णाच्या तपासणीला पडदा आणि सोबत स्त्री कर्मचारी, यात तडजोड नको.

आता खाटेशी काय करायचं. एका विद्यार्थ्याने तीन-चार मिनिटांत केस सांगायची. मग त्याला आधी निदान बोलायला लावा: "तुला काय वाटतं?" दुसरा प्रश्न: "कशावरून?" त्यानंतर त्या केसमधून निघणारा एकच सर्वसाधारण नियम शिकवा. मग काय बरोबर केलं ते नेमकं सांगा आणि शेवटी काय चुकलं आणि कसं सुधारायचं ते सांगा. या पाच पायऱ्या १९९२ पासून वैद्यकीय शिक्षणात रुळल्या आहेत, ओपीडीच्या गर्दीतही पाच मिनिटांत होतात.

बिघडतं कुठे? शिक्षक प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतो. मनात दहापर्यंत मोजा, गप्प राहणं जड जातं पण उत्तर येतं. दुसरं म्हणजे गटातला हुशार मुलगाच दर वेळी बोलतो. खिशात एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवा, ज्याचा आकडा निघेल त्याने बोलायचं. तिसरं, "छान" किंवा "अभ्यास करा" यांना अभिप्राय समजलं जातं. "यकृत तपासताना हात उजव्या बरगडीखालून सुरू केलास, वाढलेलं यकृत त्यात निसटतं, खालून उजव्या इलियाक फोसापासून (ओटीपोटाच्या उजव्या बाजूपासून) वर ये" याला अभिप्राय म्हणायचं.

प्रत्येक फेरीत एका विद्यार्थ्याची पेशंटसोबतची १५ मिनिटं न बोलता बघा आणि पाच मिनिटं त्याच्याशी बोला. रोज चार झाले तर सहा दिवसांत सगळे २४ जण एकदा तरी प्रत्यक्ष पाहिले जातात. पूर्ण पोस्टिंगमध्ये एकदाही कोणी तपासताना पाहिलं नाही असे विद्यार्थी आपल्याकडे ढिगाने आहेत, हे मला फार खुपतं.

लॉगबुकची सही त्याच दिवशी, शेवटच्या पंधरा मिनिटांत. उद्या सही नाही, हा नियम पहिल्या आठवड्यात कडकपणे पाळला की पुढे आपोआप चालतो.

काजूबोंड

स्किल लॅबबद्दल.

किनाऱ्यावर पुतळे वापरून कमी खराब होतात, बंद कपाटात ठेवून जास्त. जून ते सप्टेंबर कपाटात बुरशी धरते, बॅटरीचे संपर्क गंजतात, कातडीचं रबर चिकट होतं. म्हणून बॅटऱ्या काम संपल्यावर रोज काढा. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. काटा ६० टक्क्यांवर राहायला लागला की जेल बदला. केशरी रंगाचं जेल घ्या, निळ्यात विषारी कोबाल्ट असतं. रंग बदललेलं जेल मायक्रोबायोलॉजीच्या हॉट एअर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा वापरता येतं. पुतळ्याखाली वर्तमानपत्र कधीही पसरू नका, शाई कातडीत उतरते आणि निघत नाही. बॉलपेनही लांब ठेवा. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून, वरून टाल्कम पावडर.

नवीन खरेदीचा विषय निघालाच तर सीपीआरसाठी (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देणं) स्प्रिंगचा, खोली पुरेशी झाली की 'टक' वाजणारा साधा पुतळा मागा. पावसात वीज तासन्तास जाते तेव्हा स्क्रीनवाला पुतळा नुसता पडून राहतो. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टकटक वाजणारं ॲप) ११० वर लावा (दर मिनिटाला १०० ते १२० दाब हवेत), खोली ५ ते ६ सेंमी, ३० दाबांना २ श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ न देणं, मुलं हातांवर रेलून राहतात. त्यामुळे हृदयात रक्त परत भरत नाही. हे बाजूने पाहिलं तरच कळतं, म्हणून एक विद्यार्थी फक्त निरीक्षणाला बसवा.

टाके घालायला विकतचे पॅड नकोत. अडीच सेंमी जाडीचा फोम, वर रेक्झिन, खाली फळी, चारही बाजूंनी खिळे. ऑपरेशन थिएटरमधले (ओटी) मुदत संपलेले सिल्क आणि नायलॉनचे धागे मागून घ्या, पण डब्यावर ठळक "फक्त सरावासाठी" लिहा आणि डबा ओटीपासून लांब ठेवा. सुई कातडीत ९० अंशांत घुसायला हवी आणि मनगट फिरवून बाहेर यायला हवी. तिरकी घुसवली की कडा आत वळतात आणि जखम नीट मिळत नाही. गाठींचा सराव वसतिगृहात खुर्चीच्या दांडीला सुतळी बांधूनही होतो.

सलाइनची सुई लावायच्या सरावाला फोममध्ये खाच पाडून त्यात लेटेक्सची नळी बसवा, वर रेक्झिन, एका टोकाला लाल रंग घातलेल्या पाण्याची बाटली टांगा, दुसरं टोक चिमट्याने बंद. आयव्ही सेटची नळी वापरली तर तीन-चार टोचण्यांनंतर गळते, लेटेक्स बराच काळ टिकतं. पेशंटला वापरलेली कुठलीही नळी घेऊ नका, ती जैववैद्यकीय कचऱ्यातच जायला हवी.

आणि लॅबची किल्ली. ती एका माणसाच्या खिशात असेल तर बाकी सगळं व्यर्थ. संध्याकाळी ५ ते ७ लॅब उघडी ठेवा, दोन विद्यार्थी आणि एक इंटर्न यांची पाळी लावा, वही ठेवा. पहिल्या महिन्यात दोन-चार सुया हरवतील. तेवढं चालेल.

देवराई

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण कोकणातल्या कॉलेजांना जे मिळालंय ते मोठ्या शहरात नाही. इथला निसर्गच वर्षभराचं वेळापत्रक आखून देतो, फक्त शिकवणाऱ्याने ते पाळायला हवं. पाठ्यपुस्तकाच्या धड्यांच्या क्रमाने गेलात तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) व्याख्यान मार्चमध्ये होतं आणि ऑगस्टमध्ये वॉर्ड भरलेला असताना मुलं दुसरंच काही वाचत असतात.

जून-जुलैत लावणी. अनवाणी चिखलात उभी राहणारी माणसं, पायाला भेगा, गोठा जवळ. तिथून ऑक्टोबरपर्यंत लेप्टोस्पायरोसिस. विद्यार्थ्याने ताप म्हटलं की पोटऱ्या दाबून पाहायच्या, डोळ्यांतली लाली पाहायची (चिपडं नसलेली) आणि चोवीस तासांची लघवी मोजलेली आहे का ते तक्त्यात बघायचं. आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी) चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर उपचार थांबवायचे नाहीत, हे त्यांनी कारणासकट सांगायला हवं. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सात दिवस, गंभीर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन.

याच काळात सर्पदंश. आपल्याकडे फुरसं फार, म्हणून वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने यायलाच हवी. नवीन, कोरडी, स्वच्छ काचेची टेस्ट ट्यूब, शिरेतलं ताजं २ मिली रक्त, खोलीच्या तापमानाला वीस मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच कलती करायची. शिकवायची उत्तम रीत अशी: निरोगी स्वयंसेवकाचं ६ मिली रक्त घ्या आणि २-२ मिली तीन नळ्यांत घाला. एक नवीन काचेची, एक प्लास्टिकची, एक डिटर्जंटने धुतलेली काचेची. काचेच्या पृष्ठभागामुळे गोठण्याची साखळी सुरू होते, प्लास्टिकवर आणि साबणाच्या थरावर ती मंदावते. चुकीच्या नळीत निरोगी रक्तही पातळ राहताना एकदा पाहिलं की वॉर्डात "नळी कोणती वापरली?" हा प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारतो. त्या एका प्रश्नाने प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या विनाकारण जाण्यापासून वाचतात.

त्यालाच जोडून सर्पदंशाचा पेशंट आल्याचा सरावाचा प्रसंग नाटकासारखा बसवा. सहा जण: एक प्रमुख, एक श्वासमार्गाकडे, एक शिरेकडे, एक औषधांकडे, एक नोंदी करणारा, एक नातेवाईक. रक्त गोठत नाही हे कळल्यावर दहा कुप्या तासाभरात, जवळ ॲड्रेनॅलिन ०.५ मिग्रॅ स्नायूत द्यायला भरून तयार, सहा तासांनी चाचणी पुन्हा. मुलाला वजनाप्रमाणे कमी डोस द्यायचा ही चूक हमखास होते. साप किती विष सोडतो ते माणूस बघून ठरत नाही, म्हणून मुलालाही मोठ्यांइतकाच डोस. आपलं बहुविषरोधी औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, जंगलातल्या चापड्यासाठी नाही, हेही याच वेळी सांगा. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर नंतरची चर्चा वीस मिनिटांची हवी. शिकणं त्या चर्चेतच होतं, आणि वेळ कमी पडला की नेमकी तीच गाळली जाते.

विंचू तर आपल्याच भूमीतला धडा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने विंचूदंशातले मृत्यू कसे रोखले, ही जगात वाचली गेलेली संशोधनाची गोष्ट ग्रामीण दवाखान्यात घडली. ती सांगताना तपशील सोडू नका: घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, मग प्राझोसिन किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडावाटे, तीन तासांनी पुन्हा, नंतर हातपाय गरम होईपर्यंत दर सहा तासांनी. डोसनंतर पेशंटला उठून बसू देऊ नका, रक्तदाब एकदम उतरतो.

ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात गेल्या की पाकट आणि शिंगाळा या माशांचे काटे लागलेले हात. दुखऱ्या नव्हे, चांगल्या हाताने तपासलेलं, ४५ अंशांपेक्षा जास्त नाही असं गरम पाणी, अर्धा ते दीड तास. आत काटा तुटलाय का म्हणून एक्स-रे, आणि धनुर्वाताची लस. डिसेंबरपासून आंब्याच्या मोहोरावर फवारण्या सुरू होतात, तेव्हा ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा. त्यावरच्या ॲट्रोपिन या औषधाचं लक्ष्य छाती कोरडी होणं हे आहे, बाहुल्या मोठ्या होणं नाही. याच कोरड्या महिन्यांत, मेपर्यंत, दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप, तिथे ताप असलेल्या प्रत्येकाला जंगलात किंवा काजूच्या बागेत गेला होता का आणि आसपास माकडं मेली का हे विचारायचं. उन्हाळ्यात काजूच्या टरफलातल्या तेलाने सोललेले हात.

हा बारा महिन्यांचा तक्ता मेडिसिन, कम्युनिटी मेडिसिन, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजी यांनी एकत्र बसून करावा. एकट्या विभागाने केला की तो त्याच विभागाच्या भिंतीवर राहतो.

पाणंद

वरचं सगळं पटतं, पण मूळ दुखणं पेशंटच्या संख्येचं आहे आणि ते वॉर्डात गट फोडून सुटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेडिसिनचा वॉर्ड अर्धा रिकामा असेल तर चार गट काय आणि आठ काय. मुलांना ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, गरोदर बायका, लसीकरण, हे सगळं तिथे रांगेत उभं आहे.

मात्र एका आरोग्य केंद्रावर एका वेळी चारपेक्षा जास्त नाहीत. वैद्यकीय अधिकारी एकच असतो आणि ओपीडी दुपारी बारा-साडेबारापर्यंत ओसरते. आठ पाठवलेत तर पुढच्या आठवड्यात "नको" असा निरोप येईल. आपल्या रस्त्यांवर तीस किलोमीटरला तास जातो, तेव्हा गाडी साडेसातला निघायला हवी, नाहीतर मुलं पोहोचेपर्यंत ओपीडी संपलेली असते. आणि प्रत्येक मुलाला काम द्या: दहा पेशंटचा रक्तदाब नीट घेणं, म्हणजे पाच मिनिटं बसवून, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीत, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. नुसतं "बघून या" म्हणून पाठवलेली मुलं चहा पिऊन परत येतात.

खाडीकाठ

सुरंगी, काजूबोंड, देवराई, पाणंद, सगळ्यांचे मनापासून आभार. चार गटांची फेरी पुढच्या पोस्टिंगपासून लावतो. तीन नळ्यांचा प्रयोगही लगेच.

आणखी एक विचारतो. कुटुंब दत्तक उपक्रमात (विद्यार्थ्याने गावातल्या ठरावीक कुटुंबांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं) प्रत्येकाला तीन ते पाच कुटुंबं दिली आहेत. घरं वाड्यांवर विखुरलेली, दिवसा दारं बंद. शिवाय अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्क्यांतली मुलं मराठी बोलत नाहीत. भेटी फॉर्म भरण्यापुरत्याच होतात. यावर काय करावं?

सुरंगी

कुटुंबं गावाच्या यादीवरून वाटू नका, वाडीप्रमाणे वाटा. एका वाडीत चार विद्यार्थी आणि त्यांची सगळी कुटुंबं चालत जाता येतील अशी. पहिल्या भेटीला आशाताई सोबत हव्यात. कोणाकडे आत जायचं आणि कोणाकडे पडवीतच थांबायचं ते त्यांना ठाऊक असतं. सरपंचांना आधी पत्र. एका दारात चारपेक्षा जास्त पांढरे कोट नकोत, खरं तर वाडीवर कोट नकोतच, ओळखपत्र पुरे.

लावणी आणि कापणीच्या दिवसांत दुपारची भेट ठेवू नका, घरी फक्त आजारी म्हातारं माणूस सापडतं आणि त्याला आपण त्रास देतो. त्या महिन्यांत रविवारी संध्याकाळी जा. मे महिन्यात आणि गणपतीच्या आसपास चाकरमानी आलेले असतात, तेव्हा घरातले सगळे एकदम भेटतात. आजीची मधुमेहाची गोळी मुंबईहून येते आणि वेळेवर येत नाही, हे मुलाच्या तोंडूनच कळतं. पण ऐन मूर्ती आणायच्या आणि विसर्जनाच्या दिवशी दारात उभं राहू नका. शिमग्यात पालखी घरी यायच्या दिवशीही नाही. आधी फोन करा आणि अर्ध्या तासात निघा.

दर भेटीत घरात एक कार्ड ठेवून या: तारीख, रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन केलं असेल तर ते, आणि पुढे कुठे दाखवायचं. कोणाला पाठवलं असेल तर पंधरा दिवसांच्या आत "गेलात का, काय म्हणाले?" हे विचारायला परत जायचं किंवा फोन करायचा. ही दुसरी विचारपूस झाली नाही तर तिसऱ्या भेटीला दार उघडत नाही, आणि त्यात चूक घरच्यांची नसते. औषधं फुकट मिळवून देऊ, ऑपरेशन करून देऊ असली आश्वासनं विद्यार्थ्यांनी अजिबात द्यायची नाहीत.

मराठी न येणाऱ्यांना इथल्याच विद्यार्थ्यासोबत जोडीला द्या, पण प्रश्न त्यानेच विचारायचे, जोडीदाराने फक्त अडलं तर मदत करायची. नाहीतर वर्षभर तो नुसता रक्तदाबाचा पट्टा बांधत राहतो. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन तास बोलण्याचा सराव ठेवा, व्याकरणाचा नको: नाव-गाव विचारणं, कुठे दुखतं, कधीपासून, लघवी-संडास, पाळी, गोळी कशी घ्यायची. पेशंट बनायला वसतिगृहातले मेसवाले मामा, मावशी, सुरक्षा रक्षक यांना बोलवा आणि त्या तासाचं मानधन द्या. ती मंडळी मालवणी किंवा संगमेश्वरी बाजाने बोलतात, वॉर्डात पेशंटही तसेच बोलणार आहेत. अंतर्गत मूल्यमापनात याला गुण ठेवा, पाच असले तरी पुरेत. गुण नसतील तर तो तास दुसऱ्या महिन्यात बंद पडतो.